रिफ्रेशचं बटण म्हणजे प्रोग्रामरची उधारी



आजचा विषय जरा तांत्रिक आहे, पण घाबरू नका. एका काटा पावतीवरून तो समजावून सांगतो. त्या पावतीपायी एका गाडीमालकाचं ८२० किलोचं भाडं अडकलं होतं. त्यामुळे विषय कॉम्प्युटरचा वाटला तरी शेवटी तो पैशाचाच आहे.

सूरजागड म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातला एटापल्ली तालुका, जंगल आणि डोंगरातलं लोहखनिज. खाण असावी की नसावी यावर तिथल्या लोकांची मतं वेगवेगळी आहेत, तो आजचा विषय नाही. पण २०२१ नंतर खाणकामाने वेग घेतला आणि एटापल्ली, आलापल्ली, आष्टी या रस्त्याला टिप्परची रांग लागली, हे कुणीही पाहिलंय. त्या रांगेवर किती छोटे धंदे उभे राहिले बघा! टायरवाला, स्पेअर पार्टवाला, ढाबेवाला, आणि कर्ज काढून एक-दोन गाड्या घेतलेला मालक.

असाच एक दोन गाड्यांचा मालक माझ्या बॅचला आला होता. एक्सेल शिकायला. दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत त्याने खिशातून पावती काढली आणि म्हणाला, "सर जी, गाडी माझी, वजन दुसऱ्याचं. असं कसं होते जी?"

पावती त्या पट्ट्यातल्या एका खाजगी काट्याची होती. भरलेल्या गाडीचं वजन २७,९०० किलो. गाडीचं रिकामं वजन १२,०६० किलो. निव्वळ माल १५,८४० किलो. गणित बरोबर आहे, वजा करून बघा. पण त्याच्या गाडीचं रिकामं वजन होतं ११,२४० किलो. म्हणजे माल १६,६६० किलो. फरक ८२० किलो, आणि भाडं टनावर. एका खेपेचा हा फरक. महिन्याच्या खेपांनी गुणा, म्हणजे हप्त्याला काय होतं ते कळेल.

काट्यात खोट नव्हती. लबाडीही नव्हती. १२,०६० हे आकडे होते त्याच्या आधी काट्यावर चढलेल्या गाडीचे. रात्रपाळीच्या ऑपरेटरने नवा गाडी नंबर टाकला. स्क्रीनवर नंबर बदलला, पण रिकाम्या वजनाच्या चौकटीत जुनाच आकडा राहिला. तो बदलायला "रिफ्रेश" नावाचं बटण दाबावं लागायचं. पोरगा दाबायला विसरला. बस्स, एवढंच.

सगळ्यांनी काय म्हटलं? "ऑपरेटरची चूक." माझं मत वेगळं आहे आणि ते आज स्पष्ट लिहितो: चूक प्रोग्राम लिहिणाऱ्याची आहे. एक गोष्ट बदलली की तिच्यावर अवलंबून असलेलं सगळं स्क्रीनवर आपोआप बदललं पाहिजे, ही प्रोग्रामची जबाबदारी. ते काम न करता तिथे रिफ्रेशचं बटण ठेवणं म्हणजे आपली उधारी दुसऱ्याच्या खात्यावर मांडणं. ती फेडतो रात्री तीन वाजता डुलक्या काढणारा ऑपरेटर, आणि व्याज भरतो गाडीमालक.

स्क्रीन ही फक्त नक्कल असते

आधी मूळ गोष्ट समजून घ्या. कोणत्याही प्रोग्राममध्ये माहिती दोन ठिकाणी असते. एक, प्रोग्रामच्या पोटात, म्हणजे मेमरीत किंवा डेटाबेसमध्ये. दोन, स्क्रीनवरच्या चौकटीत. पोटातली माहिती खरी, स्क्रीनवरची तिची नक्कल. खरी बदलली आणि नक्कल तशीच राहिली, की गडबड झालीच म्हणून समजा. आणि ही गडबड ओळखू येत नाही, कारण जुना आकडासुद्धा खऱ्यासारखाच ठळक दिसतो. शिळ्या भाकरीला वास तरी येतो, शिळ्या आकड्याला येत नाही.

खरी माहिती आणि स्क्रीन यांना एकमेकांशी बांधून ठेवायचं, याला म्हणतात डेटा बाइंडिंग. आणि माहिती बदलली की तशी खबर द्यायची, याला म्हणतात चेंज नोटिफिकेशन. पहिली गोष्ट म्हणजे तार, दुसरी म्हणजे त्या तारेतून जाणारा निरोप. नुसती तार टाकून निरोप येत नाही. आमची बरीच पोरं तार टाकतात आणि निरोप विसरतात.

दवंडी कोणी द्यायची?

खेड्यात वाढलेल्यांना हे लगेच कळेल. समजा, ग्रामसभेची तारीख बदलली. गावाला कसं कळणार? तीन रस्ते आहेत.

पहिला रस्ता, ज्याला गरज त्याने पंचायतीत जाऊन विचारावं. हे झालं रिफ्रेशचं बटण. जो विसरला तो बसला.

दुसरा, प्रत्येक घरातून दर घटकेला एक पोरगं पाठवायचं: "तारीख बदलली का?" प्रोग्रामर याला पोलिंग म्हणतात. दर सेकंदाला विचारलं तर तासाला ३,६०० हेलपाटे, त्यातले बहुतेक वाया.

तिसरा, तारीख बदलली की कोतवालाने दवंडी पिटावी. ज्याच्या कामाची बातमी तो ऐकेल. हे चेंज नोटिफिकेशन. यात मुद्दा एकच: ज्याने बदल केला, सांगण्याची जबाबदारी त्याची. ऐकणाऱ्याची नाही.

मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमध्ये या दवंडीला नाव आहे आयनोटिफायप्रॉपर्टीचेंज्ड. नाव लांब, काम छोटं. "माझी अमुक किंमत बदलली" एवढंच ते ओरडतं. डॉटनेट २.० मध्ये, म्हणजे २००५ साली, ते आलं. २००६ मध्ये डब्ल्यूपीएफ आलं आणि त्याची सगळी इमारतच या दवंडीवर उभी राहिली. यादीसाठी वेगळी सोय आहे, ऑब्झर्व्हेबलकलेक्शन. यादीत एक गाडी वाढली की ती स्वतःच सांगते, "एक आली." साधी यादी हे सांगत नाही. म्हणून पोरं साधी यादी बांधतात आणि मग विचारतात, "सर, गाडी टाकली पण दिसत नाही." दिसणार कशी? दवंडी कोणी दिली?

कल्पना याहूनही जुनी आहे. १९७९ च्या सुमारास झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात ट्रिग्वे रीन्सकॉग या नॉर्वेच्या माणसाने माहिती वेगळी आणि तिचं दर्शन वेगळं, अशी मांडणी केली. त्याच वर्षी डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचं व्हिजिकॅल्क बाजारात आलं, आजच्या एक्सेलचा आजोबा. एक खाना बदलला की त्यावर अवलंबून असलेले बाकीचे खाने आपोआप बदलायचे. म्हणजे चाळीसहून जास्त वर्षांपूर्वी जे जमत होतं, ते आजच्या काट्यावर जमू नये याला कारण आळस.

निव्वळ वजनाची दवंडी

आता पावतीकडे परत येऊ, कारण इथेच खरी मेख आहे.

गाडी नंबर बदलला की रिकामं वजन बदलतं. रिकामं वजन बदललं की निव्वळ बदलतं. निव्वळ बदललं की भाडं बदलतं. ही साखळी आहे. नवा प्रोग्रामर काय करतो? रिकामं वजन बदललं की फक्त रिकाम्या वजनाची दवंडी देतो. निव्वळ वजन तर तो वजाबाकी करून काढतो, त्याची वेगळी किंमत कुठे साठवलेलीच नाही. मग त्याची दवंडी कोण देणार? कोणीच देत नाही. स्क्रीनवर रिकामं वजन नवं, निव्वळ जुनं.

नियम वहीत लिहून ठेवा: एखादी किंमत बदलली की तिची दवंडी द्या, आणि तिच्यावरून जे जे काढलंय त्या प्रत्येकाचीही द्या. हल्ली हे सोपं झालंय. मायक्रोसॉफ्टच्या कम्युनिटी टूलकिटमध्ये एका ओळीत सांगता येतं की "हे बदललं तर त्याचीही खबर दे." फुकट आहे, वापरा.

आणि त्या काट्यावरच्या प्रोग्रामची दुसरी चूक त्याहून मोठी होती. हिशेब करताना तो रिकामं वजन स्क्रीनवरच्या चौकटीतून उचलत होता. नकलेवरून हिशेब! हे म्हणजे खातेवही कपाटात ठेवून भिंतीवरच्या फळ्यावरून उधारी वसूल करणं. फळा कोणी पुसला असेल, कोणी अर्धवट लिहिला असेल. हिशेब नेहमी पोटातल्या माहितीवर करा, चौकट फक्त दाखवायला ठेवा.

एक्सेलवाल्यांनो, तुम्हीही सुटला नाहीत

"सर, आमच्याकडे प्रोग्राम नाही, आम्ही एक्सेलवर भागवतो." बरं, मग हे ऐका. एक्सेलमध्ये फॉर्म्युला टॅबमध्ये कॅल्क्युलेशन ऑप्शन्स आहे. तिथे कोणी मॅन्युअल करून ठेवलं असेल तर दवंडी बंद. दर बदला, एकूण रक्कम तशीच राहील. एफ-नाइन दाबेपर्यंत. आणि यातली खोच अशी की पहिली जी फाइल उघडाल तिची पद्धत नंतर उघडलेल्या सगळ्या फाइलींना लागते. अकाउंटंटने पाठवलेली जड फाइल मॅन्युअलवर असेल, ती आधी उघडली, की तुमची रोजची भाड्याची शीटसुद्धा मुकी होते. तुम्ही तिला हातही लावलेला नसतो.

आज घरी गेल्यावर एवढं एक तरी बघा. ऑटोमॅटिकवर आहे ना?

"सर, एवढ्याशा प्रोग्रामला एवढा खटाटोप?"

हा प्रश्न मला प्रोग्रामिंग शिकणारी पोरं हमखास विचारतात. त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे, ते आधी मान्य करतो. बाइंडिंग फुकट मिळत नाही.

एक, ते गुपचूप बिघडतं. डब्ल्यूपीएफमध्ये बाइंडिंगचं नाव एका अक्षराने चुकलं तर प्रोग्राम बंद पडत नाही, चौकट नुसती रिकामी राहते. तक्रार उमटते ती प्रोग्रामरच्या व्हिज्युअल स्टुडिओतल्या आउटपुट खिडकीत, आणि ती कोणी वाचत नाही. वाचायची सवय लावा.

दोन, वेळेचा घोळ. डब्ल्यूपीएफच्या टेक्स्टबॉक्समध्ये टाइप केलेला आकडा, वेगळं काही सांगितलं नसेल तर, त्या चौकटीतून बाहेर पडल्यावरच पोटात जातो. ऑपरेटरने दर टाइप केला आणि चौकटीत असतानाच एंटर मारून सेव्ह केलं, तर जुना दर सेव्ह होऊ शकतो. डोळ्यांसमोर नवा दर, वहीत जुना! इथे "प्रत्येक अक्षराला कळव" असं प्रोग्रामला सांगावं लागतं.

तीन, थ्रेडचा प्रश्न. काट्याखालच्या लोडसेलकडून वजन जातं इंडिकेटरला, इंडिकेटरकडून सिरियल केबलने कॉम्प्युटरला. हे वजन डॉटनेटमध्ये वेगळ्या थ्रेडवर येऊन पोचतं आणि स्क्रीन असते दुसऱ्या थ्रेडच्या ताब्यात. विनफॉर्म्समध्ये थेट स्क्रीनला हात लावायला गेलात तर तक्रार होते. डब्ल्यूपीएफ एका किमतीचा बदल सांभाळून घेतं, पण यादीचा नाही. निरोप स्क्रीनच्या थ्रेडकडे नीट सोपवायला शिका.

हे तिन्ही खरे त्रास आहेत. पण फरक बघा. हे त्रास प्रोग्रामरने एकदा भोगायचे, दिवसा, खुर्चीत बसून, चुकलं तर पुन्हा करून. रिफ्रेश बटणाचा त्रास ऑपरेटरने प्रत्येक गाडीला भोगायचा, रात्री, मागे हॉर्न वाजत असताना. हा सौदा तुम्हाला बरोबर वाटतो का? मला नाही वाटत.

आणि काही जण म्हणतात, "आता सगळं वेबवर करा, डेस्कटॉप जुना झाला." अहो, जिथे मोबाइलची रेंज येते-जाते तिथल्या काट्यावर डेस्कटॉप प्रोग्रामच लागतो. केबल लावली, चाललं. शिवाय वेबवर गेलात तरी प्रश्न तोच आहे, तिथेही कोणीतरी दवंडी द्यायलाच हवी.

जे बांधायचं नाही, ते बांधू नका

आता दुसरी बाजू. हे शिकलं की पोरं सगळंच बांधत सुटतात. इथे सांभाळा.

काट्यावरचं चालू वजन जिवंत हवं. गाडी चढतेय, आकडा हलतोय, तसाच दिसू दे. पण आकडा स्थिर झाला, ऑपरेटरने "नोंद करा" दाबलं, की त्या क्षणाचे भरलेलं वजन, रिकामं वजन, दर, तारीख, वेळ हे सगळं कापून वेगळं ठेवायचं. पुढे कधी गाडीला नवी बॉडी बसवली आणि रिकामं वजन बदललं, तर मागच्या महिन्याच्या पावत्या बदलता कामा नयेत. मी असे प्रोग्राम पाहिलेत, जिथे जुनी पावती पुन्हा छापली की नव्या दराने येते. ही दवंडी चुकीच्या घरी गेली. चालू व्यवहार जिवंत हवा, झालेला व्यवहार दगडावरची रेघ हवी.

मालकांसाठी पाच परीक्षा

कोड येत नसला तरी चालेल. प्रोग्रामचे पैसे देण्याआधी समोर बसून एवढं करून घ्या.

१. दोन गाड्या. एक नंबर टाका, मग दुसरा टाका. बाकी कशालाही हात लावू नका. रिकामं वजन, मालकाचं नाव, निव्वळ, सगळं आपोआप बदललं पाहिजे. सापडली नाही अशी गाडी टाकली तर चौकट रिकामी झाली पाहिजे, जुना आकडा तिथे राहता कामा नये.

२. दोन खिडक्या. एका खिडकीत दर उघडा, दुसरीत बिल. दर बदलून सेव्ह करा. अजून न नोंदलेलं बिल लगेच बदललं पाहिजे.

३. एंटर. दर टाइप करा, चौकटीतून बाहेर न पडता एंटरने सेव्ह करा. पुन्हा उघडा. नवा दर दिसतोय?

४. केबल. इंडिकेटरची केबल काढा. स्क्रीनवर "संपर्क नाही" आलं पाहिजे. शेवटचं वजन तसंच दिसत राहिलं तर प्रोग्राम नापास. हे नीट समजून घ्या: दवंडी आली नाही याचे दोन अर्थ होतात. एक, काही बदललं नाही. दोन, कोतवालच आजारी आहे. इंडिकेटर सतत वजन पाठवत असेल आणि दोन-तीन सेकंद काहीच आलं नाही, तर आकडा पुसून टाकायचा, हे प्रोग्रामला शिकवलेलं असावं.

५. जुनी पावती. गाडीचं रिकामं वजन बदला, मग कालची पावती पुन्हा छापा. कालचीच आली पाहिजे, अक्षरन् अक्षर.

पाचही परीक्षांना अर्धा तास पुरतो. आणि बनवणारा म्हणाला, "साहेब, तिथे फक्त एकदा रिफ्रेश दाबायचं," तर शांतपणे विचारा, "हे तुम्ही दाबायला येणार का रात्री?"

एक गोष्ट आणखी. काट्यावर वैधमापनवाल्यांचा शिक्का असतो, २००९ च्या वैधमापन कायद्याखाली. तो शिक्का बघून आपण निर्धास्त होतो. पण काटा बरोबर तोलतो म्हणून प्रोग्राम बरोबर वजाबाकी करतो असं होत नाही. आमच्या पावतीतला काटा अगदी बरोबर होता. २७,९०० किलो खरेच होते.

त्या मालकाचं पुढे काय झालं, हे विचाराल. फरकाचे पैसे मिळाले. कशामुळे? त्याच्या ड्रायव्हरला सवय होती, गाडी रिकामी तोलली की वजन आणि तारीख डॅशबोर्डवरच्या छोट्या वहीत लिहायची. ती वही घेऊन मालक काट्यावर गेला, जुन्या नोंदी जुळवल्या, काटावाल्याने मान्य केलं. चाळीस रुपयांच्या वहीने काम केलं, कारण तिच्यात लिहिणाऱ्याला माहीत होतं की बदल झाला की लगेच नोंद करायची.

प्रोग्रामकडून मी एवढीच अपेक्षा करतो.

पुढच्या व्हिडिओत याच काट्याचा छोटा नमुना शून्यापासून बनवू, गाडी नंबर, रिकामं वजन आणि निव्वळ, आणि त्यात रिफ्रेशचं बटण कुठेही नसेल. तोपर्यंत तुमच्या दुकानातल्या प्रोग्रामवर पहिली परीक्षा घेऊन बघा. भेटू.